१४ कोरचा जुना झिऑन घ्यावा की ६ कोरचा साधा डेस्कटॉप प्रोसेसर?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: गोव्यात डिचोलीत तुमचा छोटा स्टुडिओ आहे, लग्नं, जत्रेतली नाटकं, चवथीच्या घुमट आरत्या शूट करून तुम्ही स्वतःच एडिट करता, मध्येच भावाला ऑटोकॅड लागतं, आणि ऑनलाइन कुणीतरी झिऑन ई५-२६८० व्ही४ (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर), बोर्ड आणि ३२ जीबी रॅम असा सेट स्वस्तात दाखवलाय. थोडे पैसे वर घातले की एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५ १२४०० बसतो, दोन्ही साधे डेस्कटॉप प्रोसेसर. कोर म्हणजे प्रोसेसरच्या आतला काम करणारा एकेक हात, तर १४ कोर विरुद्ध ६ कोर, त्यात सर्व्हरचा माल म्हणजे दणकट, मग झिऑनच घ्यावा ना?

नाही. डेस्कटॉपवाला घ्या. हे मी कुठे वाचून सांगत नाहीये, अगदी हाच प्रोसेसर मी घेतला होता, असाच सेट, असाच ऑनलाइन विक्रेत्याकडून, आणि घेतला तेव्हा आठवडाभर येईल त्याला टास्क मॅनेजर उघडून २८ थ्रेडचे (एका कोरला कामाच्या दोन वाटा) चौकोन दाखवत होतो, म्हणजे मोह काय असतो ते मला माहीत आहे.

चौकोन बघायला मस्त वाटतात पण काम करायला बसलो की त्यातले दोन-तीनच हलायचे. टाइमलाइनवर क्लिप सरकवली की अडकायचं, मोठी एक्सेल फाइल उघडायला चहा पिऊन होईल इतका वेळ, आणि मी आधी रॅमला, मग एसएसडीला शिव्या घातल्या. दोष कुणाचाच नव्हता, मीच चुकीचं वाहन घेतलं होतं. हा प्रोसेसर २०१६ सालचा, मूळ स्पीड २.४ गिगाहर्ट्झ, आणि एकच कोर जोर लावतो तेव्हाही ३.३ च्या वर जात नाही. ५६०० आणि १२४०० दोन्ही ४.४ पर्यंत जातात, आणि मधल्या वर्षांत कोरचं आतलं डिझाइनच सुधारलं असल्यामुळे त्याच गिगाहर्ट्झमध्येसुद्धा नवा कोर जास्त काम उरकतो. दोन्ही एकत्र धरलं तर एका कोरचं काम नव्यात जवळपास दुप्पट वेगाने होतं. सगळे १४ च्या १४ कोर लावून रेंडर केलं, म्हणजे एडिट झालेला व्हिडिओ बनवायला लावला, तरी सहा कोरवाला नवा त्याच्या आसपास येऊन उभा राहतो, मग उरलं काय?

कोर वाढवून काम तेवढ्या पटीत का वाढत नाही हे मला कुणी विचारलं की मी चवथीच्या नेवऱ्या सांगतो. आमच्या घरी चवथीच्या आधी आई, दोन काक्या, आत्या, वहिनी अशा सगळ्या बसतात, लाटायला हात, भरायला हात, कातायला हात, आणि तळायला कढई एकच. आणखी चार बायका शेजारून बोलावल्या तर लाटून झालेल्या नेवऱ्यांचा ढीग वाढेल, तळलेल्यांचा नाही. जीन अमडाल नावाच्या माणसाने १९६७ मध्येच हे हिशोबात मांडून ठेवलंय, की कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो तो जर अर्धा असेल तर तुम्ही हजार कोर लावा, काम दुपटीपेक्षा जास्त वेगाने होणार नाही. ऑटोकॅडचं बरंचसं काम असं कढईचं असतं, टॅलीचं असतं, एक्सेलचं बऱ्यापैकी असतं, आणि एडिटिंगमध्ये तुम्ही माऊस हलवून वाट बघता तो भागही तसाच. शेवटचा एक्सपोर्ट हे मात्र लाटायचं काम, तिथे हात कामाला येतात. पण एक्सपोर्ट लावून माणूस जेवायला जातो हो, टाइमलाइन अडकली की माणूस चिडतो!

मग सर्व्हरवाले वेडे आहेत का, तर नाही, त्यांचा प्रश्नच वेगळा आहे. आणि इथे एक गंमत सांगतो जी मला बरीच उशिरा कळली. एएमडीच्या रायझन ९ ५९५०एक्स मध्ये आणि सर्व्हरच्या एपिक ७७६३ मध्ये कोर एकाच जातीचा आहे, झेन ३, दोन्हीकडे आठ-आठ कोरचे तुकडे जोडलेले. ५९५०एक्स मध्ये असे दोन तुकडे, १६ कोर, आणि तो ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत उडी मारतो. ७७६३ मध्ये आठ तुकडे, ६४ कोर, २८० वॅट, आणि जास्तीत जास्त ३.५. म्हणजे सर्व्हरचा कोर काही वेगळ्या मातीचा नसतो, त्याला फक्त एकट्याने पळायला मोकळीक नसते, कारण एवढे सगळे एका डब्यात बसवायचे तर वीज आणि उष्णता वाटून घ्यावी लागते.

सर्व्हरचे जास्तीचे पैसे कोरच्या आजूबाजूच्या गोष्टींना असतात. रॅमचे चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या वाटा, डेस्कटॉपला दोन तर ७७६३ ला आठ. पीसीआयई लेन, म्हणजे कार्डं जोडायच्या वाटा, १२४०० ला २० तर त्या एपिकला १२८, म्हणजे ग्राफिक्स कार्डं, वेगवान एनव्हीएमई डिस्का, नेटवर्क कार्डं खच्चून लावता येतात. सर्व्हरच्या बोर्डावर बऱ्याचदा एक छोटा वेगळा कंट्रोलर असतो, मशीन बंद पडलं तरी घरी बसून त्याची स्क्रीन बघता येते, बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जाता येतं, परत चालू करता येतं. पावसात रात्री साडेअकराला पणजीला न जाता काम होणं याची किंमत ज्याने केलंय त्यालाच कळेल.

पणजीत मी एका सीएच्या ऑफिसचं काम बघतो, तिथे १४ जण रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपापल्या जागेवरून, एकाच मशीनवर टॅली चालवतात. तिथे मी डेस्कटॉप बसवू दिला नाही. म्हणजे बघा, रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीने एकटा माणूस काही लवकर पोचत नाही, पण तिच्यात स्कूटर, गाड्या, टेम्पो सगळे एकदम जातात, म्हणून ती तिथे आहे. तुमच्या मशीनसमोर किती माणसं वाट बघत बसणार आहेत, हे आधी मोजा. तुमच्याकडे एक, फार तर भाऊ धरून दीड.

पण त्या सीएच्या ऑफिसातही मी असला जुना ई५ नाही लावला, झिऑन ई-२३३६ लावला, आणि हीच खरी गोची आहे, 'झिऑन' हे आडनाव आहे, एवढ्यावरून माणूस ओळखता येत नाही. ई-२३३६ म्हणजे २०२१ चा, सहाच कोर, ६५ वॅट, ४.८ पर्यंत जाणारा, आतून जवळपास डेस्कटॉपचाच भाऊबंद, फक्त ईसीसी रॅम (स्वतःची चूक दुरुस्त करणारी, पुढे सांगतो) चालते आणि बोर्ड सर्व्हरचा लागतो. उलट त्याच नावाचा १४ कोरवाला दुसऱ्याच घराण्यातला. पूर्वी तर ई३-१२३० व्ही३ सारखे झिऑन लोक साध्या डेस्कटॉप बोर्डावर लावायचे, ग्राफिक्स नसलेला स्वस्तातला आय७ म्हणून, मी पण दोघातिघांना लावून दिलेत, मग इंटेलने व्ही५ पासून ते साध्या चिपसेटवर (बोर्डावरची मुख्य चिप) चालणं बंद केलं.

ईसीसीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण झिऑन विकणारा ते नक्की सांगणार, म्हणून सांगतो. रॅममध्ये कधीतरी एखादा बिट उलटतो, शून्याचा एक होतो. ईसीसी रॅममध्ये ६४ बिटांमागे जास्तीचे ८ बिट असतात, त्यावरून एका बिटाची चूक आपोआप दुरुस्त होते आणि दोन बिटांची निदान पकडली जाते. हे काही बागुलबुवा नाही, २००९ मध्ये गुगलच्या सर्व्हरांवर टोरांटो विद्यापीठाच्या मदतीने अभ्यास झाला होता, त्यात वर्षभरात रॅमच्या ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये चुका सापडल्या. लोकांचे हिशोब, हॉस्पिटलचे रेकॉर्ड, वर्षानुवर्षांच्या बॅकअपचा डबा, अशा ठिकाणी ईसीसी हवीच. लग्नाच्या व्हिडिओत एका फ्रेमचा एक ठिपका चुकला तर नवरीच्या आईलाही दिसणार नाही. आणि खरंच हवी असेल तर त्यासाठी सर्व्हर घ्यायची सक्ती नाही, कितीतरी रायझन योग्य बोर्डावर ईसीसी चालवतात, इंटेलच्या १२व्या पिढीतले बरेच कोअर प्रोसेसर वर्कस्टेशनच्या डब्ल्यू६८० चिपसेटवर चालवतात. डीडीआर५ मध्ये आतच ईसीसी आहे असं दुकानदार म्हणेल, ती चिपच्या पोटातली सोय आहे, रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती राखण करत नाही.

आता माझ्या सेटचं काय झालं ते. पहिली गोष्ट वीज. प्लगला मीटर लावून बघितलं तर नुसतं विंडोज उघडून बसलं तरी ९० वॅटच्या आसपास, कारण या ई५ मध्ये ग्राफिक्सच नाही, साधा मॉनिटर लावायलाही कार्ड लागतं. आत्ताचं माझं डेस्कटॉप तसंच रिकामं बसलं तर ४० च्या आसपास. फरक ५० वॅट, म्हणजे रात्रंदिवस चालू ठेवलं तर महिन्याला ३६ युनिट, तुमच्या बिलावरचा दर लावून बघा. त्याहून वाईट म्हणजे यूपीएस. पावसात आपल्याकडे लाईट कशी येते-जाते ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्याकडे तो नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस असणार, तो जेमतेम ३६० वॅट देतो, आणि १२० वॅटचा प्रोसेसर अधिक कार्ड अधिक मॉनिटर असं रेंडरवर असताना लाईट गेली की तो किंचाळायचा आणि मशीनसकट बसायचा. दोन रेंडर असे गेले. मशीन झोपवावं म्हटलं तर त्या बोर्डावर स्लीप मोड धड चालायचा नाही, झोपायचं ते उठायचंच नाही.

आणि मग दुसऱ्या पावसाळ्यात बोर्ड गेला. दणकटपणाचं म्हणता ना, प्रोसेसर कुठलाही असो सहसा मरत नाही, डेस्कटॉपचाही नाही. मरतो तो बोर्ड, पॉवर सप्लाय, पंखा. कंपनीच्या खऱ्या सर्व्हरचा बोर्ड दणकट असतो हे मान्य, पण हे जे स्वस्त सेट मिळतात त्यात प्रोसेसर सर्व्हरमधून निवृत्त झालेला आणि बोर्ड नवा, कुठल्याशा अनोळखी कारखान्याचा, त्यावरचा चिपसेट बऱ्याचदा जुन्या डेस्कटॉप बोर्डावरून काढलेला. म्हणजे न मरणारी वस्तू दणकट आणि मरणारी वस्तू कच्ची. वॉरंटी मागायला गेलो तर विक्रेत्याचं पानच गायब. वाटलं निदान रॅम तरी वाचली, दुसऱ्या बोर्डात लावू, तर ती निघाली सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम, जी साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालतच नाही. दिसायला तीच डीडीआर४, खाचही तिथेच, लावली तर काळी स्क्रीन.

विंडोजचं पण लक्षात घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि २६८० व्ही४ विंडोज ११ च्या यादीत नाही. जुगाड करून चढवतात लोक, पण ज्या मशीनवर गिऱ्हाइकाचं काम आहे तिथे मी जुगाड करत नाही. लिनक्सवाल्यांना हा त्रास नाही.

तुमच्या कामाला मी आय५ १२४०० घेईन, पण एफ नसलेला, नावापुढे एफ आलं की ग्राफिक्स गेलं समजा. त्याच्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक आहे, ते एच.२६४ आणि एचईव्हीसी (कॅमेरे व्हिडिओ दाबून साठवतात ते प्रकार) व्हिडिओ उलगडायचं काम कोरवर न टाकता वेगळ्या भागात करतं, नव्या कॅमेऱ्यांच्या १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या) एचईव्हीसी फुटेजला त्याचा फार उपयोग होतो आणि ग्राफिक्स कार्ड नंतर पैसे आले की घेता येतं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर हे वापरतं का तेवढं सेटिंगमध्ये बघा. तुमच्याकडे बरं ग्राफिक्स कार्ड आधीच असेल तर ५६०० घ्या, त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन पट्ट्या, एकच मोठी नको, नाहीतर एक चॅनल रिकामा राहतो. उरलेल्या पैशाचा चांगला पॉवर सप्लाय आणि मोठा यूपीएस. आणि कॅबिनेटला पुढून जाळी असलेला फिल्टर बघून घ्या, तुमच्याकडची ती लाल धूळ महिन्याभरात कूलर बुजवते, मी डिचोलीतून आलेली मशीनं उघडलीयत.

झिऑनचा सेट घेण्यासारखा कुणाला, तर घरी शिकण्यासाठी आठ-दहा व्हर्च्युअल मशीनं (एकाच कॉम्प्युटरच्या आत चालणारे लुटुपुटुचे कॉम्प्युटर) चालवणाऱ्या पोराला. त्याला कोर हवे असतात, १२८ जीबी रॅम स्वस्तात हवी असते, आणि बोर्ड मेला तर त्याचं कुणाचं लग्न अडत नाही. माझ्या त्या रजिस्टर्ड रॅमच्या चार पट्ट्या अजून ड्रॉवरमध्ये पडून आहेत. एवढं वाचूनही झिऑनच घेतलात तर कळवा, म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला आलात की घेऊन जा.