गट बदलला म्हणून चित्र सोपं करू नका

तुम्ही विचारलंय की कलासंग्रहालयातल्या नव्या प्रदर्शनाच्या, गाइडसोबतच्या फेऱ्यांना शाळकरी मुलं, ज्येष्ठ, अंध, कर्णबधिर, परभाषिक असे सगळेच येणार आहेत, तर प्रत्येक गटासाठी वेगळं भाषण लिहावं का. माझं मत विचाराल तर नको. वेगळी भाषणं लिहायला बसलं की हात आपोआप मजकूर सोपा करत जातो, आणि घोळ तिथेच होतो. अडचण असते नजरेची, कानांची किंवा गुडघ्यांची. गाइड मात्र ती समजुतीची आहे असं धरून बोलू लागतो. अंध प्रेक्षकांत कलेतिहास शिकलेलं कोणी असू शकतं, आणि उत्तम दिसणाऱ्या-ऐकणाऱ्या गटाला त्यातलं काहीच ठाऊक नसू शकतं.

कमी करायचंच असेल तर चित्रं कमी करा. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या वेळा लोक एका कलाकृतीसमोर १७ सेकंदांहून जास्त थांबले नव्हते. फेरीचा खरा उपयोग हे थांबणं वाढवण्यात आहे. तासाभरात चार-पाच कलाकृती पुरेत, त्यातली एक तरी बसायची सोय असलेल्या दालनात. प्रदर्शन मांडणारे क्युरेटर बारा सुचवतील. ऐकून घ्या, चारच दाखवा.

अंध प्रेक्षकांसाठीच्या वर्णनावर मात्र खरी मेहनत घ्या, कारण ते ऐनवेळी सुचत नाही. आधी आकार, मग कशावर आणि कशाने काढलंय, मग एकूण मांडणी, आणि तपशील सगळ्यात शेवटी. पिकासोचं १९३७ चं 'गेर्निका' ३.४९ मीटर उंच आणि ७.७७ मीटर रुंद आहे, हे नुसते आकडे झाले. दोन मोठी माणसं एकावर एक उभी राहिली तर जेमतेम वरच्या कडेला पोचतील आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा-बारा पावलं चालावं लागेल, असं सांगितलं की चित्राचा दरारा पोचतो. 'डावीकडे' म्हणताना बघणाऱ्याची डावी की चित्रातल्या माणसाची, ते एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. रंगांची नावं टाळू नका; बऱ्याच जणांची दृष्टी नंतर गेलेली असते, आणि जन्मापासून न दिसणाऱ्यांनाही रंगांचे अर्थ ठाऊक असतात. 'करुण चेहरा' म्हणून मोकळं होऊ नका. भुवया कशा, ओठ कसे, मान कुठे झुकलीय ते सांगा; करुण आहे की नाही ते ऐकणारा ठरवेल. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये वेलास्केसच्या 'व्हल्कनची भट्टी'सह सहा चित्रांच्या उठावाच्या प्रतिकृती स्पर्श करून बघण्यासाठी मांडल्या होत्या. तशी सोय असली तरी बोलणं थांबवू नका. हाताला चित्र तुकड्यातुकड्यांत कळतं, ते तुकडे जोडायला शब्द लागतात. गंमत म्हणजे असं वर्णन ऐकताना डोळस माणसंही पहिल्यांदा नीट बघू लागतात.

कर्णबधिर गटात उलटं. तिथे डोळे एकाच वेळी खुणांच्या भाषेतल्या दुभाषाकडे आणि चित्राकडे जाऊ शकत नाहीत. सांगा, दुभाषाचं संपू द्या, मग गप्प राहून बघायला वेळ द्या. बोलता बोलता बोट दाखवायची सवय इथे नडते. कागदावरच्या चित्रांच्या दालनात प्रकाश मंद, ५० लक्सच्या (प्रकाश मोजायचं एकक) आसपास ठेवतात, तेव्हा दुभाषाचे हात आणि चेहरा कुठे उभं राहिल्यावर दिसतो ते आधीच बघा. चित्रकारांची नावं दुभाषाला आदल्या दिवशी लिहून द्या.

स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी न्यू यॉर्कच्या 'मोमा' या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २००६ मध्ये फेऱ्या सुरू केल्या. तिथून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे: समोर जे दिसतंय त्यावर बोला, 'आठवतं का?' हा प्रश्न विसरा.

परभाषिकांसाठी भाषांतराच्या मागे लागण्यापेक्षा त्यांच्यातलाच गाइड तयार करा. बर्लिनमध्ये २०१५ पासून 'मुल्ताका' उपक्रमात सीरिया आणि इराकमधून आलेली माणसंच प्रशिक्षण घेऊन इस्लामी कलेच्या संग्रहालयात अरबीतून फेऱ्या घेऊ लागली.

संग्रहालय-शिक्षक फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन यांची तीन प्रश्नांची पद्धत तुम्हाला कोणीतरी सुचवेलच: चित्रात काय चाललंय, कशावरून म्हणता, आणखी काय दिसतं. सुरुवातीला वापरा, मुलांबरोबर तर नक्कीच. पण त्या पद्धतीत गाइड स्वतःहून माहिती देत नाही, आणि मोठ्या माणसांना हे थोड्या वेळाने परीक्षेसारखं वाटू लागतं. कोणी सरळ 'हे का काढलं?' विचारलं तर सरळ उत्तर द्या.

राहिला नग्नचित्रांचा प्रश्न. शिक्षकांना आधी कळवा, आणि ते चित्र वाटेत असेल तर वळसा घालू नका. मुलांना वळसा लगेच कळतो आणि मग सगळा तास तेच चालतं. हसू देत अर्धा मिनिट. मग विचारा, ही बाई कुणाकडे बघतेय?