सत्र चालू असताना आलेली मेल

‘मॅडम, माझं तसं फार मोठं काही नाही. घर, नोकरी सगळं नीट चालू आहे. फक्त सतत धास्ती वाटते. एवढ्यासाठी समुपदेशन घ्यायचं का? आणि स्क्रीनवरून बोलून काय होणार?’

पहिल्या भेटीआधी मी एक फॉर्म भरून घेते. त्याच्या शेवटच्या रकान्यात हे लिहिलेलं होतं. नव्याने येणारे बहुतेक जण या ना त्या शब्दांत हेच दोन प्रश्न विचारतात. म्हणून या बाईंचा अनुभव, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे लिहिते आहे.

त्या पस्तिशीच्या. काम हिशेबाचं. पाठवून झालेली मेल पाच-सहा वेळा पुन्हा उघडून वाचायच्या. फोनवर वरिष्ठांचं नाव दिसलं की पोटात गोळा यायचा. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की उद्या होऊ शकणाऱ्या सगळ्या चुका डोळ्यांसमोर घडायला लागायच्या आणि झोप लागेपर्यंत दोन वाजायचे. हे चार वर्षं चाललं होतं आणि त्या याला ‘माझा स्वभाव’ म्हणत होत्या.

‘एवढ्यासाठी?’ या प्रश्नाला मी तोंडी उत्तर दिलं नाही. जीएडी-७ ही सात प्रश्नांची छोटी चाचणी भरून घेतली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी आज जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत काळजी, बेचैनी, चिडचिड किती वेळा झाली, एवढंच त्यात विचारतात. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम आणि पंधरापासून तीव्र चिंता मानतात. केवळ तिच्यावरून निदान करत नाहीत, पण अंदाज येतो. त्यांचे १३ आले. त्या बराच वेळ आकड्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे मी उगाच बाऊ करत नव्हते.’

छातीत धडधडायचं, म्हणून आधी त्यांना डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असली तरी हुबेहूब चिंतेसारखीच लक्षणं दिसतात आणि ते मला स्क्रीनवरून कळणं शक्य नाही. दोन्ही अहवाल नीट आले.

पहिली दोन सत्रं मात्र वाया गेल्यासारखी वाटली. काहीही विचारलं तरी उत्तर दोन-तीन शब्दांचं. ‘ठीक आहे.’ ‘हो, होतं कधीकधी.’ विश्वास बसायला वेळ लागतोय, असं मी टिपणात लिहून ठेवलं. तिसऱ्या सत्राला त्या उभ्या गाडीत बसून बोलल्या आणि पहिल्यांदा रडल्या. तेव्हा कळलं, आधीच्या दोन्ही वेळा शेजारच्या खोलीत घरचे होते आणि दार अर्धवट उघडं होतं. चूक माझी होती. कुठे बसलात, कोणाला ऐकू जातंय का, हे मी विचारलंच नव्हतं. आता प्रत्येक सत्राची सुरुवात त्याच प्रश्नाने होते. इअरफोन लावायचा, दाराबाहेर पंखा सुरू ठेवायचा आणि मध्येच कोणी आलं तर ठरलेला एक साधा शब्द म्हणायचा. तो ऐकला की मी विषय बदलते. कॉल तुटला तर पुन्हा कोणी लावायचा, हेही आधीच ठरवतो.

आणखी एक गोष्ट मी दर वेळी विचारते: आत्ता तुम्ही नेमक्या कुठल्या पत्त्यावर आहात, आणि गरज पडली तर जवळच्या कोणाला कळवू? कुणाला संशय येतो. पण कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी दाराआडून धावत येऊ शकत नाही. पत्ता माहीत असेल तर मदत तरी पाठवू शकते. ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत, ज्यांना भास होतात, किंवा ज्यांच्या घरात मारहाण होते आणि फोनवरही नजर असते, त्यांना मी फक्त स्क्रीनच्या भरवशावर ठेवत नाही. त्यांना समोरासमोरची मदत आणि अनेकदा मानसोपचारतज्ज्ञ लागतात. रोजचा ताण आणि चिंता यांचं तसं नाही. विचार-वर्तन उपचारपद्धती (सीबीटी), म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी पद्धत, ऑनलाइन दिली आणि सोबत थेरपिस्टचं मार्गदर्शन असलं, तर चिंतेवर तिचा परिणाम प्रत्यक्ष भेटींच्या जवळपास येतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

स्क्रीनवर काही गोष्टी हातच्या जातात. समोरच्याचे पाय मला दिसत नाहीत. नजरेला नजर द्यायची तर कॅमेऱ्यात बघावं लागतं आणि मग त्यांचा चेहरा दिसत नाही. पण चौथ्या सत्रात जे झालं, ते माझ्या खोलीत कधीच झालं नसतं.

बोलता बोलता त्यांच्या लॅपटॉपवर ‘टिंग’ वाजलं. वरिष्ठांची मेल. त्यांचे खांदे वर आले, नजर कोपऱ्यात गेली आणि वाक्य अर्धंच राहिलं.

‘आत्ता मनात काय आलं?’ मी विचारलं.

‘काहीतरी चुकलंय.’

‘शंभरपैकी किती भीती?’

‘ऐंशी.’

‘लगेच उघडू नका. दर दोन मिनिटांनी मी आकडा विचारते.’

पुढचा आकडा पंच्याऐंशी. मग सत्तर. मी त्यांना काही समजावलं नाही, ‘काही नसेल हो’ असंही म्हटलं नाही. तसा दिलासा दिला की तोच पुन्हा पुन्हा लागतो. बाराव्या मिनिटाला चाळीस झाले. मेल उघडण्याआधीच भीती उतरते, हे त्यांनी स्वतः पाहिलं. त्यांची भीती त्याच खुर्चीत, त्याच लॅपटॉपसमोर राहायची आणि मी त्या क्षणी तिथे होते. माझ्या दवाखान्यात हा प्रसंग आठवड्यानंतर आठवून सांगितला गेला असता.

मेल बैठकीची वेळ बदलल्याची होती. त्याला मी फार महत्त्व दिलं नाही, कारण दर वेळी मेल निरुपद्रवी निघेल असं मी कोणालाही सांगू शकत नाही.

पुढचे आठवडे कामाचे होते. पाठवलेली मेल एकदाच वाचायची, नंतर उघडायची नाही. संध्याकाळी सहा वाजता अर्धा तास ठरवून काळजी करायची, एकाच जागी बसून, वहीत लिहून. दिवसभरात आलेली काळजी त्या वेळेपर्यंत पुढे ढकलायची. ही रीत थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली आणि झोप उडालेल्या माणसांसाठी मला ती अजून सगळ्यात उपयोगी वाटते. ‘काळजी करू नका’ हे कोणालाच जमत नाही. ‘आत्ता नको, सहाला’ हे जमतं. पहिल्या आठवड्यात त्यांना तीनदाच जमलं. सहा वाजता वही उघडली की निम्म्या काळज्या शिळ्या झालेल्या असायच्या, हे त्यांनी मला जवळजवळ ओरडून सांगितलं.

सातव्या सत्राआधी खरी चूक झाली. एका तक्त्यात दोन आकडे उलटे पडले आणि वरिष्ठांनी ते दाखवून दिलं. मला वाटलं, आता सगळं मागे जाईल. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, हात थरथरले. मग दुरुस्त करून पाठवलं. वीस मिनिटं लागली. चार वर्षं मी या वीस मिनिटांना घाबरत होते.’

आठव्या सत्राला जीएडी-७ चे गुण ६ होते. मग दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा भेटायचं ठरलं. वर्षअखेरीचा ताळेबंद जवळ आला की त्यांची झोप अजून बिघडते. त्या दिवसांत त्या सहाची वही पुन्हा काढतात आणि मला आधीच कळवून ठेवतात की या महिन्यात दोन सत्रं लागतील.