कोणी वाईट वागत नाही, तरी एकटं वाटतं

प्रश्न : ताई, मी मूळची पुण्याची. सतरा वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला काढली आणि तिथलीच नागरिक झाले. नवऱ्याला हेरफर्डला नोकरी मिळाली म्हणून गेल्या जुलैत आम्ही इंग्लंडमध्ये लडलोला आलो. तो रोज गाडी घेऊन कामावर जातो. गाव देखणं आहे, माणसं सभ्य आहेत, पण सात महिन्यांत एकाही घरात मी बसलेली नाही. दिवाळीत शेजारच्या तीन घरी चिवडा-लाडू दिले. एकीने आभाराचं कार्ड दारातून आत सरकवलं, बेलसुद्धा वाजवली नाही. एकदा अरुंद रस्त्यात उभ्या गाडीला आमचा डावा आरसा घासला, तेव्हापासून मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. डॉक्टरची वेळ मिळत नाही, कपाटामागे काळी बुरशी आलीय, अमेरिकेतून आणलेला मिक्सर जळला. मुलगी शाळेत रमली. नवरा म्हणतो, तू सारखी तुलना करतेस. मला परत जावंसं वाटतं. – परकी, लडलो

उत्तर : प्रिय मैत्रिणी, परत जायचं की नाही हा प्रश्न आपण जरा बाजूला ठेवू. तुमच्या तक्रारींपैकी एकीला मुदत आहे, आणि त्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. ती म्हणजे गाडी.

अमेरिकन लायसन्सवर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. ते इथल्या लायसन्सशी बदलून मिळत नाही, इथली परीक्षाच द्यावी लागते. भारतीय लायसन्सचंही तसंच. म्हणजे येत्या जुलैत तुमचं लायसन्स निकामी होणार, आणि सोबत आलेल्या तुमच्या नवऱ्याचंही. मुदत उलटल्यावर चालवलं तर विमाही लागू राहत नाही. बरं, त्यानंतर एल-पाटी लावून एकमेकांना शिकवावं म्हटलं तर तेही जमणार नाही. शेजारी बसणाऱ्याचं वय २१ हवं आणि मान्य लायसन्स हातात येऊन तीन वर्षं झालेली हवीत.

तेव्हा या आठवड्यात दोघांनी प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्ससाठी सरकारी वेबसाइटवर अर्ज करा. फी ३४ पौंड. ओळख पटवण्यासाठी पासपोर्ट टपालाने मागवला जाऊ शकतो, म्हणून त्या दिवसांत प्रवास ठरवू नका. मग थिअरी : फी २३ पौंड, ५० प्रश्न, पास व्हायला ४३ बरोबर हवेत. त्याच बैठकीत १४ व्हिडिओ असतात. रस्त्यावर धोका तयार होताना दिसला की क्लिक करायचं, ७५ पैकी ४४ गुण हवेत. अनुभवी चालक इथे पडतात ते अभ्यास न केल्यामुळे. वेग आणि थांबण्याचं अंतर यांचे आकडे पाठच करावे लागतात, ते अंदाजाने येत नाहीत. थिअरी पास झाल्याशिवाय प्रत्यक्ष परीक्षेची तारीख घेता येत नाही आणि त्या तारखेसाठी महिनोन्महिने थांबावं लागतं. हातातले पाच महिने म्हणून जेमतेमच आहेत. प्रत्यक्ष परीक्षेची फी कामाच्या दिवशी ६२ पौंड, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ७५. ऑटोमॅटिकवर पास झालात तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं. माझ्या मते तेच घ्या, आत्ता गिअरची झुंज अंगावर घेऊ नका.

आता तो आरसा. डावाच का घासला, याला कारण आहे. सतरा वर्षं तुम्ही गाडीच्या डाव्या बाजूला बसलात. लेनमध्ये आपण कुठे असायला हवं, हे शरीर त्या बैठकीवरून मोजतं. इथे बैठक उजवीकडे गेली, पण शरीर तुम्हाला लेनच्या त्याच डाव्या भागात नेऊन बसवतं. मग गाडीचा सगळा देह तुमच्या डाव्या हाताला, कुंपणावर आणि उभ्या गाड्यांवर जातो. तिकडून येणाऱ्या बहुतेकांचं हे होतं, त्यात तुमच्या हुशारीचा काही संबंध नाही. उपाय : चालवताना तुमची खुर्ची रस्त्याच्या मधल्या रेषेच्या जवळ वाटली पाहिजे. नजर बॉनेटवर नको, लांब ठेवा. रविवारी सकाळी सुपरमार्केटची गाडीतळाची जागा रिकामी असते. तिथे अर्धा तास फक्त डाव्या रेषेला समांतर उभं राहण्याचा सराव करा. गाडी थांबवायची, दार उघडून रेषा किती लांब राहिली ते बघायचं, पुन्हा करायचं. अशा तीन-चार खेपांत डावी बाजू डोक्यात बसते.

दुसरी अमेरिकन सवय म्हणजे चौकात पूर्ण थांबणं. राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. कोणी येत नसेल तर थांबायचं नाही. मोकळा रस्ता असून थांबलात तर परीक्षक ती चूक धरतो. साधारण पंधरापर्यंत किरकोळ चुका चालतात, गंभीर मात्र एक झाली तरी नापास. लाल दिव्यावर वळण्याची सवलत इथे अजिबात नाही. पांढऱ्या वर्तुळावर काळी तिरपी रेघ दिसली की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कमाल वेग ताशी ६० मैल. शेतांमधल्या गल्लीरस्त्यांवरही तीच पाटी दिसेल, पण तिथे तेवढा वेग गाठायचा असं मुळीच नाही. समोरून गाडी आली आणि रुंदावलेली जागा तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत घ्या, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर थांबून त्यांना आत येऊ द्या. चढावर येणाऱ्याला शक्यतो आधी जाऊ द्या. कोणी वाट दिली की हात वर करायला विसरू नका. लहान गावात तो हात लक्षात राहतो.

पत्रातली सगळ्यात दुखरी जागा म्हणजे ते कार्ड. तुम्ही ते तुटकपणाची खूण मानलंत, आणि मला मनापासून वाटतं की तिथेच गैरसमज झाला. त्या बाईंनी दुकानात जाऊन कार्ड निवडलं, हाताने लिहिलं आणि तुमच्या दारापर्यंत आल्या. नुसतं ‘थँक्यू’ त्यांना रस्त्यातही म्हणता आलं असतं. बेल वाजवली नाही, कारण न सांगता दार वाजवणं हा इथल्या बऱ्याच माणसांना दुसऱ्याच्या वेळेवर घाला वाटतो. ते कार्ड फेकलं नसेल तर शेल्फवर उभं ठेवा.

‘एकदा या ना घरी’ असं कोणी म्हणालं की एडिसनमध्ये आठवड्याभरात फोन येतो. इथे तारीख नसेल तर ते निमंत्रण नसतं, नुसता सद्भाव असतो. तुम्हीच तारीख द्या, आणि तीही शेवटाच्या वेळेसकट : ‘रविवारी तीन वाजता चहाला या, साधारण पाचपर्यंत.’ उठायचं कधी हे ठाऊक असलं की इंग्रज पाहुणा निवांत बसतो. तिन्ही घरांना एकदम बोलावू नका, कार्डवाल्या बाईंपासून सुरुवात करा. चहा, एखादा केक आणि थोडा चिवडा पुरे. पहिल्याच भेटीत पंचपक्वान्नं मांडली तर परतफेडीच्या ओझ्याने त्या तुम्हाला पुन्हा बोलवायलाच बिचकतील.

अशा गावात ओळख निमंत्रणातून कमी होते, एकाच ठिकाणी एकाच वेळी पुन्हा पुन्हा दिसण्यातून जास्त होते. लडलोला किल्ल्यासमोरच्या चौकात सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार बाजार भरतो. एक वार ठरवा, भाजी त्याच गाळ्यावर घ्या. आणि एक काम धरा, एकच. चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या वस्तूंच्या दुकानात, आठवड्यातून अर्धा दिवस कपडे निवडायला, वाफेची इस्त्री करायला माणसं हवीच असतात, आणि हातात काम असलं की बोलणं आपोआप सुरू होतं. जोडीदाराच्या व्हिसावर तुम्हाला हे करता येतं, पगाराची नोकरीसुद्धा करता येते. ते नको असेल तर विमेन्स इन्स्टिट्यूट या बायकांच्या मंडळाच्या मासिक सभेला पाहुणी म्हणून जा, नाहीतर शनिवारी सकाळी नऊच्या पार्करनला, म्हणजे बागेतल्या सामूहिक धावेला, स्वयंसेवक व्हा. धावायलाच हवं असं नाही, कोणाला तरी धावणाऱ्यांचे बारकोड स्कॅन करावे लागतातच. तीन महिने न चुकता जा. पहिला महिना हवेवरच बोलतील. त्याला तुच्छ मानू नका, तीच दाराची कडी आहे.

मराठी बोलायची भूक खरी आहे, ती दाबू नका. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, गणपतीला आवर्जून जा. बर्मिंगहॅमचा सोहो रोड किंवा लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड इथून तूरडाळ, पोहे, साबुदाणा महिन्या-दोन महिन्यांचा भरून आणा. कणीक आणि बेसन मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळतं. मात्र दर शनिवार-रविवार गावाबाहेर काढलात तर गाव आहे तितकंच परकं राहील.

तब्येतीचं. व्हिसाच्या वेळी तुम्ही आरोग्य अधिभार भरला आहे, मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलीसाठी ७७६. तेव्हा संकोच सोडा. सकाळी आठला फोन लागला नाही तर सर्जरीच्या, म्हणजे दवाखान्याच्या, वेबसाइटवरचा फॉर्म भरा. ऑक्टोबर २०२५ पासून तो कामाच्या वेळेत, आठ ते साडेसहा, उघडा ठेवणं बंधनकारक आहे. आणि प्रत्येक गोष्टीला डॉक्टर लागतोच असं नाही. घसा, मुलांचा कान (१७ वर्षांपर्यंत), सायनस, नागीण, चावलेल्या किड्याचा संसर्ग, त्वचेवरच्या संसर्गाचे खपलीचे फोड आणि ६५ वर्षांखालच्या बायकांचा साधा लघवीचा संसर्ग, या सात तक्रारींवर औषधांच्या दुकानातला फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो, गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा. रात्री-अपरात्री आरोग्यसेवेचा १११ हा नंबर लावा. तिकडचं टायलेनॉल इथे पॅरासिटामॉल नावाने मिळतं. झोपेसाठीचं मेलाटोनिन चिठ्ठीशिवाय मिळत नाही, जखमेवरचं निओस्पोरिन मलम मिळतच नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मला विचारायची आहे. झोप आणि भूक कशी आहे? डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो, न्यू जर्सीपेक्षा अंधार कितीतरी जास्त. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या माणसांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असं इथली आरोग्यसेवाच सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन जड असेल तर ‘टॉकिंग थेरपीज’साठी, म्हणजे समुपदेशनासाठी, तुम्ही स्वतः ऑनलाइन नाव देऊ शकता, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. कृपा करून हे लांबणीवर टाकू नका.

कपाटामागची बुरशी ओलीची आहे. एका धुलाईचे ओले कपडे खोलीत वाळवले की दोनेक लिटर पाणी हवेत जातं, त्यात आपल्या कुकरची वाफ. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटीमीटर पुढे ओढा. स्वयंपाक करताना दार बंद, पंखा चालू, आणि झाल्यावरही पंधरा मिनिटं चालू. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा. दिवसभर फट ठेवल्याने भिंती गार पडतात आणि ओल उलट वाढते. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, घ्याल तर खोली १५ अंशांखाली जाते का ते आधी बघा. जात असेल तर डेसिकंट (ओल शोषणारा पदार्थ वापरणाऱ्या) प्रकारचा घ्या, कॉम्प्रेसरवाला थंडीत ढेपाळतो. बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, कण घरभर उडतात. त्यासाठीचा फवारा मारून ओल्या फडक्याने पुसा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या, आणि हे सगळं करूनही आकडा सतत ६० टक्क्यांच्या वर राहिला तर फोटो आणि नोंदी जोडून घरमालकाला लेखी कळवा. तरीही हलले नाहीत तर कौन्सिलकडे जा.

मिक्सर जळला कारण अॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. तिकडे १२० व्होल्ट, इथे २३०. ज्या वस्तूवर ‘१००–२४०’ छापलंय ती चालते, फोनचे चार्जर बहुधा असेच असतात. बाकीच्या विकून टाका. पुण्याहून येणाऱ्या कोणाबरोबर भारतातलाच मिक्सर मागवा, व्होल्टेज तेच आहे. प्लग मात्र इथला बसवून घ्या, आणि ७५० वॅटला आत ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो.

पैशाबाबत थोडक्यात. अमेरिकन नागरिक म्हणून तुम्हाला तिकडचं विवरणपत्र भरतच राहावं लागेल. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांतली एकूण रक्कम वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा तपशील, तिकडे द्यावा लागतो. त्यात इथलं खातं आणि पुण्याचं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) खातं दोन्ही धरा. बँकेतलं कोणी आयसा, म्हणजे इथलं करमुक्त बचत खातं, सुचवेल, पण त्याची करमाफी अमेरिका मानत नाही, आणि त्यातले ब्रिटिश फंड किंवा भारतातले म्युच्युअल फंड तिकडे फार जाचक नियमांत येतात. दोन्ही देशांचं कळणाऱ्या कर सल्लागाराला विचारल्याशिवाय काही घेऊ नका. नवऱ्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून त्यांना मतदार यादीत नाव घालता येतं. कर्ज घेताना पत बघतात, तिथेही त्याचा उपयोग होतो. तुम्हाला अमेरिकन म्हणून ती सोय नाही.

राहिलं नवऱ्याचं बोलणं. तुलना तुम्ही करता, करणारच. सतरा वर्षं पुसली जात नाहीत. शेजाऱ्यांसमोर ती टाळा, घरात मोकळी करा. पण ते रोज सकाळी घरातली एकुलती गाडी घेऊन माणसांत जातात आणि तुम्ही दाराआड राहता, हे त्यांना शांतपणे दाखवून द्या. लडलोहून हेरफर्डला थेट ट्रेन आहे, अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. परीक्षा लांबली तर जुलैनंतर त्यांना रोजच ट्रेनने जावं लागेल. आठवड्यातले दोन दिवस त्यांनी आत्तापासूनच जावं आणि किल्ली तुमच्याकडे ठेवावी.