भरलेला परत येणारा डबा

प्रश्न : ताई, जूनमध्ये आम्ही कळव्याहून घोडबंदर रोडला राहायला आलो. मुलगा सातवीत आहे, शाळाही बदलली. घरी अखंड बडबड, पण तीन महिने झाले, डबा रोज तसाच परत येतो. "सगळे बघतात," म्हणतो. खाली खेळायला जात नाही. कोणी काही विचारलं की त्याच्या वतीनं मीच बोलते. वक्तृत्व स्पर्धेत नाव घातलं तर भीड चेपेल का?
— एक आई, ठाणे

उत्तर : स्पर्धेचं तूर्त राहू द्या. स्टेजवर ढकललं की भीड चेपत नाही, उलट धसका बसतो.

मी अडले ती डब्यापाशी. आधी वर्गशिक्षिकेला एकटीला गाठून विचारा, कोणी त्याच्या डब्याला नावं ठेवतं का, हिसकावतं का. तसं नसेल, तर ही चारचौघांत खाण्याची भीती. तोंडाला काही लागलं तर, भाजीचा वास आला तर! डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६७ मध्ये याला 'काल्पनिक प्रेक्षक' असं नाव दिलं. या वयात वाटतं की सगळ्यांची नजर आपल्यावरच आहे. मात्र "कोणी बघत नाही रे" असं त्याला सांगू नका. ते ऐकून माझं तरी कधी समाधान झालं नव्हतं.

मी नौपाड्यात शिकले. सातवीत अख्खी मधली सुट्टी मी नळापाशी काढायची. तहान नसायचीच, पण पाणी पिणाऱ्या मुलीला "एकटी का गं?" असं कोणी विचारत नाही. ओंजळ भरायची, सांडायची, परत रांगेत शेवटी. एकदा दोरीच्या उड्या खेळणाऱ्या मुलींत एक कमी पडली. "ए, टोक धर ना!" बोलायचं काहीच नव्हतं, नुसती दोरी फिरवायची होती. चौथ्या दिवशी मी त्यांच्यात बसून डबा खाल्ला.

तेव्हा घोळका नको, एकच मुलगा शोधा आणि दोघांच्या हाताला काम द्या. दिवाळीचा किल्ला आहेच. बिल्डिंगमधल्या एकाला माती कालवायला बोलवा. हात चिखलात असले की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि गप्पा आपोआप सुटतात.

आणि त्याच्या वतीनं बोलणं थांबवा. वडापावच्या गाडीवर "दोन द्या, एकात तिखट कमी" हे त्यानं सांगायचं, तुम्ही दोन पावलं मागे. अडखळला तरी वाक्य पुरं करायला धावू नका. (मला माहीत आहे, जीभ शिवशिवते.)

सकाळी पोट दुखायला लागलं, शाळा बुडू लागली, तर मात्र वाट बघत बसू नका, समुपदेशकाकडे जा. एरवीही भीती सहा महिने टिकली तर दाखवायलाच हवं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

डब्यात सध्या रस्सा नको, वासाची भाजी नको. तूप-साखरेची पोळी गुंडाळून द्या, दोन घासांत संपेल अशी. सासूबाई लाड म्हणतील, म्हणू देत.