मित्र खचलाय, आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर तो विचार त्याच्या डोक्यात भरेल का?
नाही, "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारल्याने तो विचार नव्याने शिरत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर हे तपासलं गेलं. २००५ साली छापलेला निष्कर्ष असा: प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये असे विचार किंवा अस्वस्थता वाढली नाही, आधीच नैराश्यात असलेल्यांचा त्रास उलट कमी दिसला. फक्त "वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" असं विचारू नका, त्यावर माणूस 'नाही'च म्हणतो. मात्र विचारणं म्हणजे उपचार नव्हे. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं-गोळ्या त्याच्या हाती लागणार नाहीत असं बघा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर लगेच फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो.