माझी ऑटोमॅटिक गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे. ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) टाकल्यावर ती दोन-तीन सेकंद थांबते आणि धक्का देऊन निघते. गिअरबॉक्स गेला का?

लगेच तसं समजू नका. तुमची गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे असं लिहिलंय, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे जाते, म्हणून आधी गिअरबॉक्सचं ऑइल बघा. (एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स असता तर क्लचपासून सुरुवात केली असती, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तो लवकर झिजतो.)

गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) असेल तर थेंबभर ऑइल पांढऱ्या टिश्यूवर घ्या. बहुतेक ऑइल नवं असताना लाल असतं. काळपट तपकिरी आणि करपल्याचा वास म्हणजे आतले क्लच घासलेत. दुधाळ गुलाबी दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट शिरलंय. पावसाळ्यात हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे नक्की तपासा, आणि तोवर गाडी चालवू नका. डिपस्टिक नसेल तर लेव्हल लिफ्टवरच बघावी लागते.

माझ्या गाडीला हाच त्रास होता. एका गॅरेजवाल्याने थेट गिअरबॉक्सचा ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) सांगितला. मी पार्किंगमध्ये रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला, सकाळी त्यावर लाल डाग! गिअरबॉक्सखालच्या ऑइल पॅनचं गॅस्केट (सील) गळत होतं, लेव्हल उतरली होती. गॅस्केट आणि ऑइल बदललं, धक्का गेला.

ऑइल ठीक असेल तर गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. पी०७०० एवढाच कोड दाखवून कोणी खर्च सांगत असेल तर थांबा. तो फक्त ‘ट्रान्समिशनमध्ये बिघाड नोंदलाय’ एवढंच सांगतो. खरा कोड ट्रान्समिशनच्या कंट्रोलरमधून वाचायला लावा. इंजिन माउंटही (इंजिनला धरून ठेवणारे रबरी आधार) बघायला सांगा, तुटलेल्या माउंटचा धक्का अगदी असाच जाणवतो.