जंगलात लग्न करा, पण लायसन्स कोण काढून राहिलं?

सिएटलकडच्या एका ताईंचा मेल आला आहे. रात्री दीड वाजता लिहिलेला अन् तसाच पाठवून दिलेला, त्यामुळे पूर्णविराम शोधावे लागतात पण दुःख शोधावं लागत नाही. माहेर नागपूरचं प्रतापनगर, सासर तिथलाच महाल, अमेरिकेत जाऊन 22 वर्षं झाली. एकुलती एक मुलगी ऑगस्टच्या शेवटी लग्न करते आहे, मुलगा तिकडचाच, "स्वभावाने चांगला आहे" असं ताईंनी तीन ठिकाणी लिहिलं आहे म्हणजे पोरगा पसंत आहे, प्रश्न तो नाही. प्रश्न असा की हॉल नाही, गुरुजी नाही, पाहुणे नाहीत. ऑलिम्पिक नॅशनल पार्कात होह रेनफॉरेस्ट म्हणून जुनं जंगल आहे, तिथे जाऊन दोघं लग्न लावणार. एलोपमेंट म्हणतात म्हणे आता याला, अन् त्याचं सहा सहा महिने प्लॅनिंग चालतं.

ताई लिहितात, "काकू, फोटोग्राफर चालतो पण जन्म देणारी आई चालत नाही. आम्ही हिच्यासाठी काय कमी केलं? लोकांना काय सांगू, सासूबाई 86 वर्षांच्या आहेत त्यांना काय सांगू, अन् तेही चातुर्मासात!" पुढे पाऊस, अस्वलं, दागिने, डिसेंबरमधलं नागपूरचं रिसेप्शन, कॅटरर, सगळं आहे.

ताई, लिहिताना रडू आलं असेल, समजतं मला. आपण इतकी वर्षं तिकडे काढतो, प्रत्येक दिवाळीला कम्युनिटी हॉलमध्ये दुसऱ्यांच्या पोरांना आहेर देतो, अन् मनात कुठेतरी हिशोब असतो की आपलीही वेळ येईल, मग पोरगी म्हणते मला हे काहीच नको. लागतं मनाला. पण मला एक सांगा, एवढ्या लांब मेलमध्ये मॅरेज लायसन्सबद्दल एक अक्षर नाही, असं कसं? फोटोग्राफर ठरला, जागा ठरली, पोरीचे बूट कोणत्या रंगाचे तेही तुम्हाला माहीत आहे. अन् लायसन्स?

माझे नेहमीचे वाचक आता हसले असतील की आली बाई कागदावर. हो, आली.

तुमच्या वॉशिंग्टन राज्यात लायसन्स, म्हणजे लग्नाआधी काढायचा सरकारी परवाना, काउंटीकडून (आपल्या जिल्हा कचेरीसारखं) मिळतं, कुठल्याही काउंटीचं चालतं, पण मिळाल्यावर तीन दिवस थांबावं लागतं. म्हणजे शुक्रवारी लायसन्स काढू, शनिवारी जंगलात जाऊ, असं जमत नाही. अन् ते पुढे 60 दिवसच चालतं, त्यामुळे उत्साहानं मे महिन्यात काढून ठेवलं तर ऑगस्टमध्ये ते रद्दी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काढा म्हणावं. लग्न लावायला अधिकार असलेला माणूस लागतो, आजकाल मित्रच ऑनलाइन तसा अधिकार घेतात, चालतं ते. पण त्या मित्राचं काम "यू मे किस" म्हटल्यावर संपत नाही. सह्या केलेला कागद 30 दिवसांच्या आत काउंटीला परत पाठवायची जबाबदारी त्याची असते. आमच्या ओळखीत एका जोडप्याचा कागद मित्राच्या गाडीत सीटखाली पडून होता, ते बिचारे हनिमूनहून आले, नाव बदलायला गेले, तेव्हा कळलं की सरकारदरबारी यांचं लग्न अजून पोचलंच नाही. अन् जंगलात जे सुंदर नक्षीचं सर्टिफिकेट हातात धरून फोटो काढतात ते भिंतीवर लावायचं. कामाला येते ती काउंटीची सर्टिफाइड कॉपी, तीन मागवून ठेवा.

तुम्ही म्हणाल काकूंना पोटच्या पोरीच्या लग्नात कागद सुचून राहिला आहे. अहो, मी पाहिलं आहे म्हणून सुचतो. माझ्या नणंदेचं लग्न 1978 सालचं, महालातल्या वाड्यात, अख्खी गल्ली जेवून गेली. नोंदणी वगैरे कोण करत होतं तेव्हा, सगळ्या लग्नांची नोंद करा असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं ते 2006 मध्ये. पुढे नवऱ्याला परदेशात नोकरी लागली अन् हिच्या व्हिसासाठी लग्नाचा पुरावा मागितला. गुरुजी वारलेले, पत्रिका वाळवीनं खाल्लेली, फोटोत हिचं तोंड मुंडावळ्यांमागे. शेवटी दोन म्हाताऱ्या काकांना रिक्षात घालून अ‍ॅफिडेव्हिट करायला न्यावं लागलं, त्यातल्या एकांना ऐकू येत नव्हतं. हजार माणसं लग्नाला होती अन् सही करायला दोन मिळेनात.

आता दुसरी गंमत ऐका. पोरगी म्हणते "फक्त आम्ही दोघं". तसं कोलोरॅडोत होतं, तिथे साक्षीदार लागत नाही की लग्न लावणारा लागत नाही, नवरा-बायको आपल्याच सह्या करून मोकळे. पण ती लग्न करते आहे वॉशिंग्टनमध्ये, अन् तिथे कायद्यानं लग्न लावणारा अधिक दोन साक्षीदार समोर हजर लागतात. म्हणजे दोघं नाहीतच, पाच आहेत. जे असं लग्न करतात ते बहुतेकदा फोटोग्राफर अन् त्याच्या असिस्टंटलाच सही करायला लावतात, सोपं पडतं. तुमच्या मेलमधला फोटोग्राफर आहे ना, ज्याच्यावर तुम्ही एवढ्या चिडून आहात, तो मला वाटतं तुमच्या खुर्चीवर नाही, साक्षीदाराच्या खुर्चीवर बसला आहे. ती खुर्ची कुणाची ते अजून पोरीनं ठरवलंच नसेल कदाचित, कारण तिला माहीतच नसेल.

तर पोरीला फोन करा अन् एवढंच विचारा, "साक्षीदार कोण आहेत गं?" बस. "आम्ही येऊ का" विचारायचं नाही. "आमचा तेवढाही हक्क नाही का" तर अजिबात नाही, त्या वाक्यानंतर कुठल्याही पोरीनं आजवर हो म्हटलेलं नाही. प्रश्न विचारायचा अन् गप्प बसायचं, जमेल का तुम्हाला, मेल पाहून शंका आहे. ती म्हणाली फोटोग्राफर करेल, तर "बरं" म्हणा. दोन दिवसांनी तिच्या बाबांना बोलू द्या, पोरी आईला जेवढ्या पटकन नाही म्हणतात तेवढ्या बापाला म्हणत नाहीत. अन् ती हो म्हणाली, तर तुम्ही दोघं जायचं, सही करायची, भरजरी शालू नेसायचा नाही, कुणाला ओवाळायला ताट न्यायचं नाही, मंगलाष्टकं मोबाईलवर लावायची नाहीत. नाही म्हणाली तरी कागदाची आठवण तुमच्यामुळे झाली हे तिच्या लक्षात राहील.

माझ्या मुलीनं न्यू जर्सीत लग्न केलं तेव्हा मी इथे नागपुरात होते, सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं. न्यू जर्सीतही लग्नाला दोन साक्षीदार लागतात. त्यातली एक सही शेजारच्या गुजराती बेननं केली. चांगली बाई, पोरीला बाळंतपणात डबे दिले तिनं. पण सर्टिफिकेटची कॉपी आमच्या कपाटात आहे अन् लॉकरचे कागद काढताना दर वेळी ती हाताला लागते. म्हणून सांगते, साक्षीदाराची चौकशी करा.

पार्कचंही परमिट लागतं, ते वेगळं, अन् तेही कित्येक आठवडे आधी मागावं लागतं. जंगलात कुठे उभं राहता येईल अन् किती माणसं चालतील ते त्यात ठरतं. नॅशनल पार्कात तांदूळ, फुलं, काही उधळू देत नाहीत, म्हणजे अक्षता नाहीत. तांदूळ पर्समध्ये लपवून नेऊ नका, मी ओळखते आपल्या बायकांना.

आता तारखेचं. ऑगस्टमध्ये कायदेशीर लग्न अन् डिसेंबरमध्ये तुम्ही नागपुरात पुन्हा "थोडे विधी" करू म्हणता. करा बापा, पण लग्नाची तारीख एकच, ऑगस्टची. नागपूरच्या पत्रिकेवर "शुभविवाह" छापू नका, "स्वागत समारंभ" छापा, अन् कुणी हौशी नातेवाईक म्हणाला इथेही नोंदवून टाकू तर हात जोडा. माझ्या भाच्याचं असंच झालं, सर्टिफिकेटवर एक तारीख, पत्रिकेत दुसरी, अल्बममध्ये तिसऱ्या दिवशीची सत्यनारायणाची पूजा, अन् बायकोच्या व्हिसा इंटरव्ह्यूला विचारलं, नक्की लग्न कधी झालं तुमचं? पोरगी घामाघूम. शिवाय उद्या जावयाला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकाला व्हिसाशिवाय भारतात ये-जा करता येते ते कार्ड, काढावंसं वाटलं, तर तुमच्या मुलीचं ओसीआय असलं तरी लग्न नोंदलेलं अन् सलग दोन वर्षं टिकलेलं दाखवावं लागतं. तिथे ऑगस्ट की डिसेंबर यानं फरक पडतो. तेव्हा अपोस्टिलचं, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर सरकारी शिक्का घ्यायचं, कामही निघेल, ते राज्याच्या राजधानीत ऑलिम्पियाला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसातून होतं, सर्टिफाइड कॉपीवर. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे पूर्वीसारखं कॉन्सुलेटच्या खेटा घालायला नको. अन् या डिसेंबरला येताना त्याला साधा व्हिसा लागेल, तो आत्ताच बघायला सांगा.

लोक काय म्हणतील? विदर्भाच्या पोरीनं पळून लग्न करणं आपल्याकडे नवीन आहे का? रुक्मिणी कुठली, कौंडिण्यपूरची, आपल्याच अमरावती जिल्ह्यातली. देवीच्या देवळातून निघाली ती थेट रथात. अन् तिनं आधी कृष्णाला पत्र पाठवलं होतं, म्हणजे लेखी होतं सगळं. उलट शकुंतलेकडे पाहा, जंगलात लग्न, साक्षीदार नाही, कागद नाही, पुरावा म्हणून एक अंगठी, ती गेली माशाच्या पोटात अन् राजा भर दरबारात म्हणतो मी हिला ओळखत नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

चातुर्मासाचं म्हणाल तर तो इथल्या पावसाचा हिशोब आहे. होहमध्ये वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पाऊस पडतो, नागपूरच्या तिपटीहून जास्त, पण तो बहुतेक हिवाळ्यात. जुलै-ऑगस्ट तिथला त्यातल्या त्यात कोरडा काळ. पोरीनं पंचांग पाहिलं नसेल, हवामान पाहिलं आहे. तरी रेनकोट न्याच. अन् सकाळी लवकर निघा म्हणावं, आत जायला एकच रस्ता आहे, पार्किंग भरलं की गेटवर गाड्या थांबवून ठेवतात, नवरी गाडीतच बसून राहील.

अस्वलं? ताई, आपण नागपूरची माणसं, पाहुणे आले की त्यांना ताडोबा नाहीतर पेंचला वाघ दाखवायला नेतो, अन् तुम्ही काळ्या अस्वलाला भिऊन राहिल्या?

खरं सांगू, मला ती जागा आवडली. शेवाळानं मढलेले मेपल, अन् सिटका स्प्रूसची काही झाडं पाचशे वर्षांच्या वरची. बख्त बुलंद शाहानं 1702 च्या सुमारास नागपूर वसवलं त्याच्या आधीपासून उभी आहेत. आपल्याकडच्या लग्नांत मागे फ्लेक्सचा राजवाडा असतो.

सासूबाईंना आधी सांगा, नंतर नाही, अन् तुमच्या नवऱ्यानं सांगावं, तुम्ही नाही. त्या जंगलात मोबाईलला रेंज नसते म्हणून व्हिडिओ कॉलचं आश्वासन देऊ नका. 86 वर्षांच्या बाईनं तुमच्यापेक्षा जास्त पाहिलं आहे, त्या बहुतेक एवढंच विचारतील की पोरगा जेवतो का नीट.

दागिने: छोटं मंगळसूत्र द्या, बाकी लॉकरमध्ये राहू द्या.

रिसेप्शन डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, पुढे धनुर्मास लागतो अन् घरातल्या मोठ्यांचं तोंड सुरू होतं. पण त्याच सुमारास हिवाळी अधिवेशन असतं, आमदार, अधिकारी, पीए, सगळे नागपुरात, हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत अन् सिव्हिल लाइन्सकडे गाडी हलत नाही. हॉल अन् पाहुण्यांच्या खोल्या आत्ताच धरून ठेवा, जमलं तर अधिवेशनाच्या तारखा कळेपर्यंत पत्रिका छापू नका. जेवणात पुडाची वडी अन् संत्रा बर्फी ठेवली की जावयाकडच्या मंडळींची सोय झाली, सावजी रस्सा त्यांना पहिल्याच दिवशी देऊ नका. कॅटररचं नाव विचारलंत, ते मी आता कुणालाच देत नाही, मागे एकाचं दिलं तर दोन्ही व्याह्यांची मीठ कुणी जास्त टाकलं यावरून भांडणं झाली अन् फोन मला आले.